मिनिटाला किती शब्द, हे विचारून झाले असेल तर

कोल्हापूर जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाचा कारभार ज्यांच्या सहीने चालतो, त्या सर्व सन्माननीय अधिकाऱ्यांस व पदाधिकाऱ्यांस,

स. न. वि. वि.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे. जिल्ह्यातल्या तीन तालुक्यांत मिळून एकतीस वर्षे मी पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकवले. त्यांतली बरीच वर्षे पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातल्या द्विशिक्षकी शाळांत गेली, जिथे एका वर्गाला पाढे म्हणायला लावून दुसऱ्या वर्गाचा धडा घ्यावा लागतो. आता करवीर तालुक्यातल्या आमच्या घराच्या सोप्यात मी पुस्तकांची दोन कपाटे मांडली आहेत आणि संध्याकाळी गल्लीतली मुले तिथे येऊन बसतात. या पत्रातल्या विषयाशी, म्हणजे मुलांचे वाचन शाळेत कसे मोजले जाते आणि त्यात त्यांची वाचनाची आवड कशी जाते याच्याशी, माझा संबंध एवढाच आहे, आणि मला तो पुरेसा वाटतो.

याच आशयाची दोन पत्रे मी यापूर्वी पोचपावती घेऊन दिली होती. पोचपावत्या माझ्याकडे आहेत; उत्तरे नाहीत. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. ती पत्रे कोणत्या कार्यालयात दिली आणि पुढे सांगितलेले प्रसंग कोणत्या गावात, कोणत्या शाळेत घडले, ते मात्र मी मुद्दाम लिहिलेले नाही. एका शाळेचे नाव घेतले की चौकशी त्या शाळेपुरती होते, एखाद्या तरुण शिक्षिकेकडून खुलासा मागवला जातो आणि पद्धत जिथल्या तिथे राहते, हे मी नोकरीत अनेकदा पाहिले आहे.

गेल्या शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला आमच्या भागातल्या शाळांना एक लेखी सूचना आली. तिच्यानुसार दर शनिवारी दुसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाकडून अनोळखी उतारा वाचून घ्यायचा आणि त्याने एका मिनिटात किती शब्द वाचले तो आकडा ऑनलाइन माहितीच्या लिंकवर भरायचा. त्या आकड्याप्रमाणे मुलाच्या नावापुढे हिरवी, पिवळी किंवा लाल टिकली लावलेला तक्ता वर्गाच्या दर्शनी भिंतीवर ठेवायचा. आणि महिन्यातून एकदा ग्रामस्थांसमोर चावडी वाचन घेऊन त्याचे फोटो पाठवायचे. या सगळ्याला वेळ कोठून आणायचा, हे सूचनेत नव्हते. तो शाळांनी आपापल्या परीने काढला, आणि वेळापत्रकात आठवड्यातून दोनदा असलेली अवांतर वाचनाची तासिका त्यात गेली. वाचन सुधारावे म्हणून निघालेल्या सूचनेने वाचनाचाच तास खाल्ला, याची नोंद कोणत्याही लिंकवर नाही.

आमच्या सोप्यात तिसरीतला एक मुलगा येत असे. त्याला मगरीच्या गोष्टीचे एक पुस्तक इतके आवडले होते की ते इतर कुणी नेऊ नये म्हणून तो ते कपाटामागच्या फटीत लपवून जायचा. पोटावर पालथा पडून, ओळीखाली बोट सरकवत, ओठांतल्या ओठांत पुटपुटत तो वाचायचा. वेग अगदी कमी होता. मधेच एखाद्या चित्रापाशी थांबून स्वतःशीच हसायचा, मागची दोन पाने उलटून मगर आधी कुठे होती ते पाहायचा आणि मग पुढे जायचा. वाचन म्हणजे काय, हे मला कुणी विचारले असते तर मी त्याच्याकडे बोट दाखवले असते.

त्याची चावडी वाचनाची पाळी आली ती मारुतीच्या देवळासमोर. हातात माईक, समोर पारावर गाव आणि बाजूला मोबाइलवर लावलेले स्टॉपवॉच. पाण्याच्या महत्त्वाविषयीचा उतारा होता. पहिल्याच ओळीत त्याने ‘नाही’ या शब्दाचा उच्चार घरी करतो तसा ‘न्हाई’ असा केला आणि माणसे हसली. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता; आपल्या घरचे बोलणे माईकवरून ऐकू आले म्हणून माणसे हसली. मुलाला ते कसे कळावे? तो थांबला, पुन्हा पहिल्या ओळीवर आला, पुन्हा थांबला, आणि मिनिट संपले. आकडा माईकवरून सांगण्यात आला. वडिलांनी कौतुकाने केलेले चित्रीकरण तोवर गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेलेही होते. पुढचे दहा-बारा दिवस तो आलाच नाही. आला तेव्हा बाहेरच्या कट्ट्यावर गोट्या खेळत बसला. मी मगरीचे पुस्तक दाखवले, तर म्हणाला, “नगं बाई. मला वाचायला येत न्हाई.”

जे मूल तीन महिने माझ्या डोळ्यांदेखत वाचत होते, त्याला आपल्याला वाचता येत नाही हे त्या दिवशी समजले. लिंकवर त्याच्या नावापुढे शब्दांचा आकडा आहे. जे गमावले त्यासाठी त्या लिंकवर रकानाच नाही, आणि माझी मुख्य तक्रार त्या नसलेल्या रकान्याविषयी आहे.

मुलाला वाचनाविषयी काय वाटते, हे मोजता येते का, असा प्रश्न आपल्यापैकी कुणी तरी विचारील, म्हणून सांगते. अमेरिकेतल्या मायकेल मॅकेना आणि डेनिस किअर या दोन शिक्षणतज्ज्ञांनी १९९० साली नेमक्या याच कामासाठी एक साधी प्रश्नावली प्रसिद्ध केली. पहिली ते सहावीच्या मुलांसाठी २० प्रश्न. त्यांतले दहा स्वतःच्या आनंदासाठी केलेल्या वाचनाविषयी, दहा शाळेतल्या वाचनाविषयी. प्रत्येक प्रश्नाखाली गारफिल्ड या तिकडच्या लाडक्या चित्रकथेतल्या मांजराची चार चित्रे: खूप खूश, थोडे खूश, थोडे नाराज, खूप नाराज. मुलाने आपल्याला जे वाटते त्या चित्राला गोल करायचा. ‘धड आवडत नाही, धड नावडतही नाही’ असे मधले पाचवे चित्र त्यांनी ठेवलेच नाही, म्हणजे मुलाला कुठल्या तरी एका बाजूला झुकावे लागते. पावसाळी शनिवारी पुस्तक वाचायला कसे वाटेल, कुणी भेट म्हणून पुस्तक दिले तर कसे वाटेल, असे ते प्रश्न. मला यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटली ती ही की प्रश्न शिक्षकाने मोठ्याने वाचून दाखवायचे असतात. त्यामुळे ज्याला अजून वाचता येत नाही त्या मुलालाही वाचनाविषयी मत देता येते. याला दहा मिनिटे लागतात. खूश चित्राला चार गुण, नाराज चित्राला एक, आणि बेरीज शिक्षकालाच करता येते.

ही प्रश्नावली तिकडच्या १८ हजारांहून अधिक मुलांकडून भरून घेण्यात आली. त्यावरचा अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला आणि त्यात दिसले ते असे: पहिलीतली मुले वाचनाविषयी बरीच उत्साही असतात आणि सहावीपर्यंत हा उत्साह वर्षागणिक उतरत जातो, मुलींचा कल मुलांपेक्षा अधिक अनुकूल असतो, आणि आनंदासाठीच्या वाचनाची ओढ सर्वांत वेगाने आटते ती ज्यांना वाचन जड जाते त्यांची. तिकडचे आकडे इकडे आणून चिकटवावेत असे मी म्हणत नाही. पण पहिलीत पुस्तक हातातून सोडवत नाही आणि पाचवीत ते हातात धरवत नाही, हे पाहायला कोणत्याही शिक्षिकेला अमेरिकेत जावे लागत नाही.

कीथ स्टॅनोविच या अभ्यासकाने १९८६ साली यामागची साखळी मांडली होती. ज्याला सुरुवातीला बरे वाचता येते तो अधिक वाचतो, अधिक वाचल्याने त्याचे शब्द वाढतात, शब्द वाढल्याने वाचन आणखी सोपे होते. ज्याला जड जाते तो टाळतो, आणि टाळल्यामुळे ते आणखी जड होते. पैशाकडे पैसा जातो, तसे हे आहे. म्हणजे आवड आणि क्षमता या दोन वेगळ्या फायली नाहीत. मुलाने ‘नगं बाई’ म्हटले त्या दिवसापासून त्याचा सरावच बंद झाला आहे, आणि दोन वर्षांनी त्याचा आकडा खाली का आला याचा खुलासा त्याच्या पाचवीच्या वर्गशिक्षिकेकडे मागितला जाणार आहे.

नोकरीतल्या शेवटच्या काही वर्षांत मी हा प्रयोग आपल्या परीने केला होता. गारफिल्ड आमच्या मुलांच्या ओळखीचा नव्हता, म्हणून शाळेच्या आवारात पडून असणाऱ्या मोत्या कुत्र्याची चार चित्रे काढली: शेपूट हलवणारा, कान टवकारून बसलेला, तोंड फिरवलेला आणि दात विचकून गुरगुरणारा. पहिल्या वेळी मी कागदावर नाव लिहायला सांगितले. वर्गभर सगळे मोत्ये शेपूट हलवत होते! बाईंना काय आवडेल ते मुलांना पक्के ठाऊक असते. पुढच्या खेपेला नाव लिहू दिले नाही आणि कागद खोक्यात टाकायला सांगितले, तेव्हा खरे चित्र दिसले. बाई गोष्ट वाचून दाखवतात तेव्हा जवळजवळ सगळे खूश होते. उभे राहून मोठ्याने वाचायची पाळी आली की जवळजवळ सगळे गुरगुरत होते. एका पोराने दोन चित्रांच्या मधे गोल केला होता आणि शेजारी लिहिले होते, ‘कधी असा कधी तसा’.

मला सर्वाधिक चटका लावला तो एका मुलीने. ती आमची शिष्यवृत्तीची आशा होती, वर्गात सर्वांत वेगाने वाचणारी. भेळेच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचायची, केएमटीच्या बसवरची पाटी वळणावरच ओळखायची. आपला कागद तिनेच नंतर मला आणून दाखवला. शाळेतल्या वाचनाच्या प्रत्येक प्रश्नाला गुरगुरणारा मोत्या होता. मी विचारले, “का गं?” ती म्हणाली, “वाचलं की लगेच प्रश्न विचारतासा.” विचारणारी मीच होते. त्या दिवसापासून आठवड्यातली एक गोष्ट मी एकही प्रश्न न विचारता वाचून सोडून देऊ लागले, आणि निवृत्तीपर्यंत ते पाळले.

आता तक्रारी सांगते.

पहिली तक्रार वेगाविषयी आहे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानाने दुसरीच्या मुलासाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या मुलासाठी किमान ६० शब्द असे लक्ष्य ठेवले आहे, आणि ते ‘समजून’ वाचण्याचे आहे. या लक्ष्याला माझा विरोध नाही. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीची माणसे २००५ पासून घरोघर जाऊन मुलांसमोर दुसरीच्या पातळीचा मजकूर ठेवतात, आणि २०२४ च्या पाहणीतही ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून थोड्या कमीच मुलांना तो वाचता आला. अशा परिस्थितीत क्षमतेकडे दुर्लक्ष करा असे कोणतीही शिक्षिका म्हणणार नाही. पण शाळेपर्यंत येता येता ‘समजून’ हा शब्द वाटेत गळाला आणि लिंकवर फक्त आकड्याचा चौकोन उरला. आकडा वाढवायची युक्ती मुलांना आणि शिक्षकांना दोघांनाही लवकर सापडते: विरामचिन्हे गाळायची, अडलेला शब्द ओलांडून जायचे, चित्राकडे पाहायचे नाही. मगरीपाशी थांबून हसणारा मुलगा या हिशेबात नापासच होणार. शिवाय ‘न्हाई’, ‘व्हतं’, ‘गेल्यालं’ हे वाचनातले दोष धरले जातात, हे मला मुळीच मान्य नाही. छापलेले ‘नाही’ डोळ्यांनी बरोबर वाचून, अर्थ समजून, तोंडाने घरच्या उच्चारात सांगणारे मूल दोन भाषांमध्ये वावरत असते. चंदगड, आजऱ्याकडच्या किंवा सीमेलगतच्या कानडी वळणाच्या मुलांचे तर विचारायलाच नको.

दुसरी तक्रार उघड्यावर मांडलेल्या आकड्यांविषयी आहे. प्रौढ माणसाचा रक्तदाबसुद्धा आपण दवाखान्याच्या भिंतीवर नावानिशी लावत नाही. मग आठ वर्षांच्या मुलाची लाल टिकली वर्षभर भिंतीवर कशासाठी? मुले एकमेकांना ‘ए लाल’ म्हणून हाक मारताना मी माझ्या कानांनी ऐकली आहेत. पूर्वी ‘अप्रगत’ म्हणत, त्याआधी ‘ढ’. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे आणि कलम २९ मुलाला भय आणि दडपणापासून मुक्त ठेवायला सांगते. आपला हेतू छळाचा नाही, हे मी जाणते. मारुतीच्या देवळासमोर हसलेल्या माणसांचाही नव्हता.

तिसरी तक्रार कुलपाविषयी आहे आणि ती मला जरा सविस्तर मांडायची आहे, कारण बाहेरच्या माणसाला ती खरी वाटत नाही. त्याच कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत वाचनालय, त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तके असावीत, असे म्हटले आहे. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या वाचनालयासाठी ५ हजारांपासून २० हजार रुपयांपर्यंत वार्षिक अनुदानाची तरतूदही आहे. म्हणजे पुस्तके नाहीत असे नाही. बहुतेक शाळांत ती आहेत आणि मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात आहेत. ती डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीला, चढलेली असतात. एखादे पुस्तक हरवले, फाटले, की ते रजिस्टरमधून कमी करण्यासाठी निर्लेखनाचा प्रस्ताव करायचा, तो वर जाणार, तिथे पडून राहणार, आणि दरम्यान लेखापरीक्षणात मुद्दा निघाला तर वसुली मुख्याध्यापकांकडून. चाळीस रुपयांच्या पुस्तकासाठी हा व्याप कोण ओढवून घेईल? मीही ओढवून घेतला नाही. मुख्याध्यापकपदाचा कार्यभार माझ्याकडे होता त्या दोन वर्षांत किल्ली माझ्या पर्समध्ये असायची आणि ‘उद्या देते’ हे माझे ठरलेले उत्तर होते. २०१९ च्या महापुरात त्या कपाटाचे खालचे दोन कप्पे पाण्याखाली गेले. भिजून फुगलेली पुस्तके आम्ही बाहेर काढली, तेव्हा त्यांतली कित्येक मुलांनी कधीच उघडलेली नव्हती. पाने एकमेकांना चिकटलेली होती आणि कडा कोऱ्या होत्या. पुराने नेली म्हणून हळहळलो, पण मुलांपर्यंत ती आधीच पोचली नव्हती. २०२१ ला पुन्हा पाणी आले तोवर मी शाळेतून बाहेर पडले होते.

याला जोडून एवढेच की आलेल्या संचातली पुस्तके मुलांना विचारून घेतलेली नसतात. थोरांची चरित्रे, पर्यावरण, स्वच्छता, मूल्यशिक्षण यांचे गठ्ठे येतात. भुताची गोष्ट, कुस्तीची गोष्ट, विनोदी गोष्ट मात्र शोधावी लागते, आणि तालमीच्या कोल्हापुरात कुस्तीवर लहान मुलांना झेपेल असे पुस्तक शाळेत मिळू नये, हे थोडे गमतीचेच आहे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते. त्याचे अंक मुलांच्या हाती पडतात तिथे काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना मी वेगळे सांगायला नको.

चौथी तक्रार शिष्यवृत्तीच्या सरावाविषयी. गुणवत्ता यादीचा अभिमान या जिल्ह्याला आहे, मलाही आहे. परंतु तिसरीपासून सराव चाचण्यांचे उतारे हेच मुलाचे एकमेव वाचन होऊन बसावे, इतका तो नसावा.

आणि पाचवी, उत्सवांविषयी. २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन म्हणून आपण साजरा करतो. त्या दिवशी कुलूप निघते, मुलांच्या हातात पुस्तके दिली जातात, फोटो काढला जातो, तो चढवला जातो आणि पुस्तके मोजून परत ठेवली जातात. एका वर्षी एका मुलाने फोटोनंतर पुस्तक परत द्यायला नकार दिला आणि रडला. त्या दिवसातली प्रेरणा तेवढीच होती, आणि ती आम्ही त्याच्या हातातून काढून घेतली.

हे सगळे कोल्हापुरात चालावे, याचे मला विशेष वाईट वाटते. १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. करवीर नगर वाचन मंदिराची स्थापना १८५० ची. आणि भारतातला पहिला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला तो कोल्हापूर संस्थानाने, १९४५ साली. महाराष्ट्राचा कायदा त्यानंतर बावीस वर्षांनी, १९६७ मध्ये आला. ज्या गावाने मुलाला शाळेपर्यंत आणण्यासाठी दंड लावला आणि पुस्तक लोकांपर्यंत नेण्यासाठी कायदा केला, तिथल्या शाळेत कपाटाची किल्ली पर्समध्ये असावी, हे मी स्वतःलाही माफ करू शकलेले नाही.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत. त्यांतल्या बहुतेकांना पैसा लागत नाही.

रंगीत टिकल्यांचे तक्ते भिंतींवरून उतरवावेत. मुलाचा वाचनाचा आकडा शिक्षकाच्या वहीत राहावा आणि पालकाला एकट्याला सांगावा.

चावडी वाचन बंद करायचे नसेल तर त्याची दिशा बदलावी. ज्या मुलाला हौस आहे त्याने वाचावे, घड्याळ आणि चित्रीकरण नसावे, आणि बाकीचा वेळ मोठ्यांनी वाचावे: सरपंचांनी, आजोबांनी, विस्तार अधिकाऱ्यांनी, अंगणवाडीच्या ताईंनी. गावातल्या मोठ्या माणसाला अडखळत का होईना वाचताना पाहिले, तर लाल टिकलीच्या मुलाला बराच धीर येईल.

वर्षातून दोनदा, जुलैत आणि फेब्रुवारीत, दुसरी ते पाचवीच्या मुलांना वाचनाविषयी काय वाटते ते चित्रांच्या कागदावर विचारावे. नाव लिहून घेऊ नये. प्रश्न शिक्षकाने वाचून दाखवावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही माहिती शाळेच्या फाटकाबाहेर जाऊ नये. तिची लिंक, तिचा क्रमांक, तिच्यावरून तालुक्यांची तुलना यांतले काहीही करू नये. आपल्याला ही माहिती मिळाली नाही तर तिचा उपयोग काय, असे आपण म्हणाल. उपयोग वर्गशिक्षिकेला आहे. ज्या क्षणी ती वर पाठवायची ठरेल, त्या क्षणी जिल्ह्यातले सगळे मोत्ये पुन्हा शेपूट हलवू लागतील. चौथीच्या मुलांची वाचनक्षमता तपासणारी ‘पर्ल्स’ ही आंतरराष्ट्रीय पाहणी २००१ पासून दर पाच वर्षांनी होते आणि वाचन आवडते का, वाचताना आत्मविश्वास वाटतो का, हेही मुलांना विचारते. २०२१ पर्यंतच्या तिच्या एकाही फेरीत भारत नव्हता. तेव्हा आपल्या मुलांना हे कुणी विचारायचे असेल, तर ते शाळेनेच विचारले पाहिजे.

पुस्तकांच्या बाबतीत शाळेला दरवर्षी ठरावीक हिश्शापर्यंत पुस्तके फाटल्या-हरवल्याची नोंद शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने करता यावी आणि त्यावर वसुली नसावी. फाटलेले पुस्तक हा वाचनाचा पुरावा मानावा. नवी पुस्तके घेताना निम्मी तरी मुलांनी चाळून निवडलेली असावीत.

अवांतर वाचनाच्या दोन्ही तासिका परत द्याव्यात. त्याखेरीज रोज दहा मिनिटे शिक्षकाने वर्गाला काहीतरी वाचून दाखवावे आणि त्यावर प्रश्न विचारू नयेत. हे शेवटचे मी फार आग्रहाने मागते आहे. तो तिसरीतला मुलगा, आता चौथीत गेलेला, अजूनही पुस्तकाला हात लावत नाही. पण मी सोप्यात बसून मुलांना मोठ्याने वाचून दाखवू लागले की बाहेर कट्ट्यावरचा गोट्यांचा आवाज थांबतो. मी खिडकीकडे पाहत नाही. पाहिले की तो पुन्हा सुरू होतो.

आणि बोलीतला उच्चार वाचनाची चूक म्हणून मोजू नये, एवढी एक ओळ पुढच्या सूचनेत घालावी.

मी ज्या शिक्षकांविषयी लिहिले आहे, त्यांतले अनेक जण माझ्या हाताखाली तयार झाले आहेत. लिंक भरून, आहाराचा हिशेब लिहून, सर्वेक्षणे करून उरलेल्या वेळात ते शिकवतात. त्यांच्यावर आणखी एक काम टाकावे असा या पत्राचा अर्थ आपण काढू नये. दर शनिवारच्या आकड्यांचे काम काढून घेतले तर वरच्या सगळ्याला वेळ उरतो.

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आपल्यापैकी कुणी अर्धा तास वेळ दिला तर मी कार्यालयात येईन. सोबत चार-दोन मुख्याध्यापक आणि त्यांची तयारी असेल तर दोन-तीन पालकही येतील. चार मोत्यांचा कागद या पत्रासोबत जोडला आहे. चित्रे माझ्याच हातची आहेत, तेव्हा तिसरा मोत्या थोडा मांजरासारखा दिसतो. मुलांना त्याची अडचण आलेली नाही. छापून घ्यायचा झाल्यास कागदाच्या एका बाजूला सगळे बसते.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर